छातीत धडधड, रिपोर्ट नॉर्मल: पॅनिक अटॅकचं काय करायचं

ईसीजी नॉर्मल. ऑक्सिजन ९९. बीपी किंचित वाढलेलं. डॉक्टर म्हणतात, "काही नाही, टेन्शन घेऊ नका." घरचे म्हणतात, "पित्त झालं असेल, जागरणं कमी कर." पण अर्ध्या तासापूर्वी ज्याला आपण आता वाचत नाही अशी खात्री पटली होती, त्याचं यातल्या एकाही वाक्याने समाधान होत नाही. 'काही नाही' हे उत्तर हृदयापुरतं बरोबर असतं. शरीरात जे झालं ते मात्र खरंच झालेलं असतं आणि त्याला कारणही असतं. ते कारण कुणी सांगितलं नाही की माणूस आपल्या मनाने बचावाचे उपाय शोधतो, आणि पॅनिकचा आजार बहुतेक वेळा त्या उपायांवरच पोसला जातो. खालच्या पायऱ्या क्रमाने घ्या. दुसरी, तपासणीची, गाळू नका.

१. आपल्याला नेमकं काय होतंय ते ओळखा

भीती समोरच्या गोष्टीची असते: अंगावर धावून आलेलं कुत्रं, घाटात वळणावर अचानक दिसलेला ट्रक. धोका टळला की तीही उतरते. चिंता पुढच्या गोष्टीची असते: निकाल, कर्जाचे हप्ते, आईचं आजारपण. ती हळूहळू चढते, दिवसभर मंद चालू राहते, मान-खांदे आखडवते, झोप उडवते. सहा महिने, बहुतेक दिवस, ती एका विषयावरून दुसऱ्यावर जात राहिली आणि आवरता येईनाशी झाली, तर तो जनरलाइज्ड अँग्झायटी डिसऑर्डर असू शकतो.

पॅनिक अटॅकची चाल निराळी. बसल्या जागी, कधी टीव्ही बघताना, तो उसळतो, बहुधा १० मिनिटांच्या आत शिगेला पोचतो आणि अर्ध्याएक तासात ओसरतो. मागे उरतो तो गळून गेल्यासारखा थकवा. धडधड, घाम, थरथर, दम अपुरा पडणं, गळा आवळल्यासारखं वाटणं, छातीत दुखणं, मळमळ, भोवळ, अंगात गार किंवा गरम शिरशिरी, मुंग्या, आजूबाजूचं सगळं खोटं वाटणं, वेड लागेल ही भीती आणि मरणाची भीती: निदानाच्या यादीत ही १३ लक्षणं आहेत. त्यातली चार किंवा जास्त एकदम उसळली तर तो अटॅक. झोपेतही येतो. स्वप्न वगैरे काही नसतं, पण झोप लागल्यावर साधारण एक ते तीन तासांत माणूस दचकून उठून बसतो.

आयुष्यात एखादा अटॅक अनेकांना येतो. तेवढ्याने आजार ठरत नाही. ध्यानीमनी नसताना ते वारंवार येऊ लागले आणि त्यानंतर महिनाभर तरी 'पुन्हा येईल का' ही धास्ती राहिली, किंवा त्यापायी वागणं बदललं, तर पॅनिक डिसऑर्डर. बायकांमध्ये तो पुरुषांच्या साधारण दुप्पट आढळतो. सुरुवात बहुतेकदा विशीत किंवा तिशीच्या आसपास होते.

२. शरीर तपासून घ्या, एकदाच पण नीट

छातीत दुखण्याचा पहिलाच प्रसंग असेल तर घरी बसून 'हे पॅनिकच आहे' असं ठरवू नका. छातीवर दगड ठेवल्यासारखा दाब, डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणारी कळ, जिना चढताना वाढणारं आणि बसल्यावर कमी होणारं दुखणं, थंडगार घाम, खरोखर शुद्ध हरपणं, यातलं काही असेल तर १०८ ला फोन करा किंवा ईसीजीची सोय असलेल्या जवळच्या रुग्णालयात जा. चाळिशी उलटलेली, मधुमेह, बीपी, तंबाखू किंवा घरात हृदयविकार असेल तर थांबायचं कारणच नाही. मधुमेह्यांत आणि बायकांत हृदयविकाराचा झटका नुसता दम लागणं, मळमळ किंवा थकवा एवढ्यावरही येऊ शकतो. लक्षणांवरून घरी फरक करता येतोच असं नाही, म्हणून तर ईसीजी.

ते निस्तरलं की फॅमिली डॉक्टरांकडे शांतपणे जा. ईसीजी, हिमोग्लोबिनसह सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), थायरॉइडसाठी टीएसएच आणि रक्तातली साखर एवढ्यावर बहुतेकांचं भागतं. वाढलेलं थायरॉइड, रक्तक्षय, साखर उतरणं आणि हृदयाच्या ठोक्यांचे काही विकार पॅनिकसारखेच दिसतात. धडधड बटण दाबल्यासारखी सुरू होते, ठोके १५०च्या वर जातात आणि तशीच एकदम थांबते, असं होत असेल तर ते डॉक्टरांना याच शब्दांत सांगा. हॉल्टर, म्हणजे अंगावर लावायचं छोटं ईसीजी यंत्र, लावून २४ तासांची नोंद घ्यावी लागू शकते. चालू औषधंही सांगा. दम्याचा साल्ब्युटामॉल पंप आणि नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या गोळ्या धडधड वाढवतात.

आणि मग थांबा. रिपोर्ट चांगले आल्यावर दोन महिन्यांनी पुन्हा टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी), दुसऱ्या लॅबमध्ये पुन्हा थायरॉइड, असं सुरू झालं की प्रत्येक तपासणी दिलासा देते तो चार दिवसांचा. लक्षण खरोखर बदललं तरच परत तपासा.

३. शरीराचा हिशेब समजून घ्या

मेंदूला धोका जाणवला की तो विचार करत बसत नाही. अमिग्डला नावाचा बदामाएवढा भाग इशारा देतो आणि मूत्रपिंडावर बसलेल्या ग्रंथींमधून अ‍ॅड्रेनलिन सुटतं. ठोके वाढतात, कारण मांड्यांना आणि दंडांना रक्त हवं असतं. ते तिकडे वळतं म्हणून हातपाय गार पडतात. घाम येतो तो पळताना अंग तापू नये म्हणून. पचन मागे पडतं म्हणून पोटात गोळा येतो आणि घसा कोरडा पडतो. पळून जायला किंवा दोन हात करायला ही तयारी उत्तम आहे. पंचाईत एवढीच की समोर पळण्यासारखं काही नसतं, माणूस बँकेच्या रांगेत उभा असतो.

सगळ्यात जास्त घाबरवतो तो श्वास. 'हवा पुरत नाही' असं वाटून माणूस भराभर, तोंडाने, छातीच्या वरच्या भागाने श्वास घेतो. प्रत्यक्षात हवा जास्त होत असते. कोविडनंतर पुष्कळ घरांत ऑक्सिमीटर आला. अटॅकमध्ये बोट घातलं तर आकडा बहुधा ९८-९९ दाखवतो. कमी होतो तो कार्बन डायऑक्साइड. तो घटला की मेंदूच्या रक्तवाहिन्या थोड्या आकुंचन पावतात, म्हणून भोवळ आणि सगळं लांब, खोटं वाटणं. रक्त किंचित अल्कलीकडे झुकतं, त्यातलं मोकळं कॅल्शियम कमी होतं आणि नसा उगाच चेतवल्या जातात. आधी ओठांभोवती मुंग्या येतात, मग बोटांत. जास्तच झालं तर अंगठा तळव्यात ओढला जातो, बोटं सरळ ताठ होऊन एकमेकांना चिकटतात आणि मनगट वाकतं. हा हात बघून घरच्यांना लकवा वाटतो. श्वास हळू झाला की काही मिनिटांत तो हात आपोआप सुटतो. मात्र तोंड वाकडं होणं, जीभ जड होणं किंवा एकाच बाजूचा हातपाय लुळा पडणं हे पॅनिकमध्ये धरायचं नाही. तिथे पुन्हा १०८.

'चक्कर येऊन पडेन' ही भीती तर जवळपास प्रत्येकाला असते. बेशुद्ध व्हायला बीपी खाली जावं लागतं. पॅनिकमध्ये ते वर असतं, म्हणून खरोखर पडणारे विरळा. याला एक अपवाद आहे, रक्त, जखम किंवा सुई बघून येणारी भीती. तिच्यात बीपी आधी चढतं आणि मग घसरतं. अशांनी रक्त तपासायला गेल्यावर हात, पाय आणि पोटाचे स्नायू १०-१५ सेकंद घट्ट आवळायचे, चेहरा गरम झाला की सैल सोडायचे, अर्ध्या मिनिटाने पुन्हा. असं पाच वेळा. (ज्या हातातून रक्त घ्यायचं तो सैलच ठेवा.)

आता मूळ कारण. ऑक्सफर्डचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये जी साखळी मांडली तिच्यावरच आजचे बरेच उपचार उभे आहेत. जिना चढल्याने, चहाने किंवा उगीचच ठोके वाढतात. माणूस त्याचा अर्थ लावतो: हार्ट अटॅक. त्या अर्थाने भीती, भीतीने अ‍ॅड्रेनलिन, त्याने ठोके आणखी, आणि 'बघा, म्हटलं नव्हतं!' काही मिनिटांत चाक पूर्ण फिरतं. म्हणजे अटॅक 'कारणाशिवाय' आला असं वाटतं तेव्हाही सुरुवात कुठल्या तरी शारीरिक जाणिवेने झालेली असते, फक्त ती लक्षात आलेली नसते.

ही जमीन कशाने तयार होते? काही भाग आनुवंशिक: आईवडिलांत किंवा भावंडांत असेल तर शक्यता वाढते, पण ठरलेलं काहीच नसतं. बऱ्याच जणांचा पहिला अटॅक ताणाच्या काळात येतो: घरात मृत्यू, नोकरीतली उलथापालथ, बाळंतपण, मोठं आजारपण. गंमत अशी की ऐन धावपळीत माणूस तग धरतो आणि सगळं पार पडल्यावर, निवांत रविवारी दुपारी, अटॅक येतो. जागरण, उपाशीपोट आणि चहा हे त्रिकूट वेगळं सांगायला हवं. एका कप चहात साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम कॅफिन असतं, कॉफीत त्याच्या दुप्पट. उपवासाच्या दिवशी पाच-सहा चहा झाले की ठोके वाढायला दुसरं काही लागत नाही. चहा एकदम बंद केला तर डोकं धरतं. दर तीन-चार दिवसांनी एक कप कमी करा. दारू रात्री शांत करते आणि उतरताना पहाटे अस्वस्थता वाढवते. गांजाने तर पहिलाच अटॅक आलेले लोक कमी नाहीत.

४. अटॅक चालू असताना

पळू नका. जिथे आहात तिथे बसा किंवा उभे राहा. गाडी चालवत असाल तर बाजूला घ्या. मनाशी एक वाक्य म्हणा: "हा पॅनिक आहे, १० मिनिटांत शिगेला जाईल आणि मग उतरेल." वाक्य खरं असावं, 'मला काहीच होत नाहीये' हे खोटं आहे आणि शरीर ते ऐकत नाही.

श्वास मोठा घेऊ नका. "दीर्घ श्वास घे" हा सगळ्यात प्रेमळ आणि सगळ्यात चुकीचा सल्ला, कारण हवा आधीच जास्त झालेली असते. नाकाने चार मोजत साधा श्वास घ्या, पोट थोडं पुढे येऊ द्या, आणि सहा मोजत सोडा. सोडणं लांबवायचं, एवढंच ध्यानात ठेवा. अशी मिनिटाला सहा आवर्तनं होतात. हे ऐन वेळी जमावं म्हणून बरं वाटत असताना रोज दोनदा, पाच-पाच मिनिटं करा. भस्त्रिका आणि जोरातला कपालभाती या काळात नको. त्याने नेमका कार्बन डायऑक्साइड घटतो.

कागदी पिशवीत श्वास घ्यायचा जुना उपाय सोडून द्या. दम लागण्याचं कारण दमा किंवा हृदय असेल तर तो जिवावर बेतू शकतो.

मग जे करत होतात ते हळूहळू पुढे चालू ठेवा: भाजी चिरा, हिशेब पुरा करा. धडधड पूर्ण थांबायची वाट बघत बसलात तर लक्ष पुन्हा छातीवरच जातं.

५. वहीत चार रकाने

तारीख-वेळ, आधीचे दोन तास (झोप, चहा, जेवण, भांडण), पहिली शारीरिक जाणीव, आणि त्या क्षणी मनात आलेला विचार. दोन आठवडे पुरेत. तिसरा आणि चौथा रकाना शेजारी ठेवून वाचला की आपली साखळी दिसते: कुणाची 'भोवळ, मग पडेन आणि लोक हसतील' अशी, कुणाची 'छातीत कळ, मग झटका' अशी. नाडीचे आणि बीपीचे आकडे लिहायचे नाहीत.

६. बचावाची साधनं एकेक करून काढा

अवघड काम इथे आहे. पाण्याची बाटली, खिशातली गोळ्यांची पट्टी, दाराजवळची खुर्ची, दर दहा मिनिटांनी घड्याळावर ठोके बघणं, ओवा नि सोडा, सोबतीला नवरा किंवा बहीण असल्याशिवाय बाहेर न पडणं, रात्री गूगलवर लक्षणं शोधणं, "मला काही होणार नाही ना?" हे दिवसातून दहादा विचारणं. प्रत्येक गोष्ट साधी आणि समजण्यासारखी. पण अटॅक ओसरतो आणि श्रेय बाटलीला जातं. 'नुसतं बसून राहिलो असतो तरी ओसरला असता' हे शिकायची संधीच मिळत नाही.

सगळं एका दिवसात टाकू नका. यादी करा, सोप्यापासून सुरुवात करा. घड्याळावरची नाडी बंद करणं हे बहुतेकांना पहिलं जमतं. श्वासाचा व्यायामही याच यादीत जाऊ शकतो: 'श्वास मोजला नाही तर मरेन' असं वाटू लागलं की तोही बाटलीसारखाच झाला. मग कधीमधी मुद्दाम न मोजता अटॅक जाऊ द्या.

७. मुद्दाम धडधड आणा

ऐकायला विचित्र, पण उपयोग मोठा. ज्या जाणिवांची भीती बसली त्या सुरक्षित जागी स्वतः निर्माण करायच्या. जागच्या जागी एक मिनिट धावणं धडधडीसाठी. फिरत्या खुर्चीत एक मिनिट गरगर भोवळीसाठी. नाक चिमटीत धरून बारीक स्ट्रॉमधून एक मिनिट श्वास, दम कोंडण्यासाठी. एक मिनिट भराभर खोल श्वास मुंग्यांसाठी. आधी लिहा: 'मला वाटतं, अमुक होईल.' नंतर लिहा: काय झालं. भीतीला ० ते १० मध्ये गुण द्या आणि तोच व्यायाम गुण निम्म्यावर येईपर्यंत त्याच बैठकीत चार-पाच वेळा करा.

हृदयविकार, दमा, फिट्स, मानेचा किंवा पाठीचा त्रास, गरोदरपण यात डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करायचं नाही. बाकीच्यांनीही पहिल्या एक-दोन बैठका मानसोपचारतज्ज्ञासोबत केल्या तर बरं.

८. सोडलेल्या जागी परत जा

फास्ट लोकल सोडून स्लोने जाणारे पुष्कळ असतात. दर दोन-तीन मिनिटांनी उतरता येतं म्हणून. मग स्लोही सुटते, मग प्लॅटफॉर्म. परतीच्या पायऱ्या अशा लावता येतात: दुपारी गर्दी नसताना प्लॅटफॉर्मवर २० मिनिटं बसणं, सोबतीने ठाणे ते मुलुंड, एक स्टेशन, तेच एकट्याने, स्लोने घाटकोपर, दुपारची फास्ट दादरपर्यंत, शेवटी सकाळच्या गर्दीची. गावाकडे हीच शिडी एसटीची, आठवडे बाजाराची किंवा देवळातल्या रांगेची होईल.

भीतीला १० पैकी ३-४ गुण द्याल अशा पायरीपासून सुरू करा. आठवड्यातून एकदा जाऊन भागत नाही, चार-पाच वेळा हवं. आणि भीती शिगेला असताना उतरू नका, कारण मग 'उतरलो म्हणून वाचलो' हेच पक्कं होतं. उतरावंच लागलं तर पुढची गाडी पकडा, त्याच दिवशी.

औषधांबद्दल

कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी म्हणजे साधारण वरच्या तीन ते आठ पायऱ्या, तज्ज्ञाच्या हाताखाली, आठवड्याला एक अशा १२-१५ बैठकांत. ज्यांचे अटॅक रोजचे आहेत किंवा सोबत नैराश्य आहे त्यांना औषधही लागतं. एस्सिटॅलोप्राम किंवा सर्ट्रालिन बहुधा कमी डोसने सुरू होतं. पहिला-दुसरा आठवडा अस्वस्थता आणि मळमळ वाढू शकते, आणि इथेच बरेच जण 'मला सूट होत नाही' म्हणून सोडतात. गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. बरं वाटल्यावरही सहा महिने ते वर्ष घ्यावं लागतं आणि बंद करताना डॉक्टर टप्प्याटप्प्याने उतरवतात. याची चटक लागत नाही. अस्वस्थता फारच वाढली किंवा जीव नकोसा वाटू लागला तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना कळवा.

चटक लागते ती अल्प्राझोलम आणि क्लोनाझेपामची. ती अर्ध्याएक तासात शांत करतात, म्हणूनच अडकवतात. डोस वाढत जातो, एकदम थांबवलं तर चिंता दुप्पट उसळते, क्वचित फिट येते, दारूसोबत तर श्वासच मंदावतो. ही औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळू नयेत आणि दुकानदाराने विक्रीची नोंद ठेवायची असते. शेजाऱ्याच्या पट्टीतली अर्धी गोळी घेऊ नका. वर्षानुवर्षं घेत असाल तर आपणहून बंदही करू नका. धडधडीवर दिलं जाणारं प्रोप्रॅनोलॉल दमेकऱ्यांना चालत नाही.

घरच्यांनी

"मनावर घेऊ नको" आणि "तुला काय कमी आहे?" ही दोन वाक्यं बाजूला ठेवा. अटॅकमध्ये शेजारी बसा, कमी बोला, स्वतः हळू श्वास घ्या. पंखा, साखरपाणी, कांदा, तळवे चोळणं, चार माणसांचा गराडा, यातलं काही नको. आणि बरं वाटल्यावर त्यांची सगळी बाहेरची कामं आपल्या अंगावर घेऊ नका. दूध आणायला त्यांनाच पाठवा, लांबून सोबत करा, पुढच्या आठवड्यात तेवढंही नको.

कुठे जायचं

मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर, म्हणजे सायकियाट्रिस्ट, औषध देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट थेरपी देतात, औषध नाही. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का ते विचारायला संकोच नको. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याची ओपीडी कोणत्या वारी असते ते आधी विचारून जा. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीची संस्था आहे. तिथे गेल्यावर भरती करतात ही समजूत चुकीची. पॅनिकचे रुग्ण ओपीडीत बघून घरी जातात. फोनवर बोलायचं असेल तर १४४१६, केंद्र सरकारची टेलिमानस सेवा, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. मोफत, २४ तास, मराठीतही. जीव द्यावासा वाटत असेल तर वही, शिडी सगळं बाजूला ठेवा, आजच तिथे फोन करा किंवा कुणाला तरी सोबत घेऊन जवळच्या रुग्णालयात जा.